शेजारी राहायला आलेली जुनी प्रेयसी: त्रुफोचा सिनेमा आणि तुमचे अनुभव

धागाकर्ती: फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफोचा 1981 चा 'द वुमन नेक्स्ट डोअर' कुणी कुणी पाहिलाय? फ्रान्समधल्या ग्रनोबल शहराजवळच्या खेड्यात बर्नार (जेरार दपार्द्यू) बायको-मुलासोबत मजेत राहतोय. शेजारच्या रिकाम्या घरात नवं जोडपं येतं, आणि त्यातली मातिल्द (फॅनी आर्दां) निघते त्याची जुनी प्रेयसी. दोघंही आपापल्या जोडीदारापाशी अवाक्षर काढत नाहीत. माझी चिडचिड तिथूनच सुरू होते. 'आमची जुनी ओळख आहे' एवढं म्हणायला काय जात होतं? तुम्ही कुणाच्या बाजूने होतात, लिहा. शेवटाबद्दलही बोलू, तेव्हा न पाहिलेल्यांनी जपून.

मागची रांग: फिल्म सोसायटीत पाहिला होता. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये दोघं चुंबन घेतात आणि ती जागच्या जागी कोसळते. सगळं थिएटर हसलं होतं. मला अजूनही ते जरा अतीच वाटतं. पण त्रुफोचं हे खूळ जुनंच. 1975 मध्ये त्याने लेखक व्हिक्टर ह्यूगोच्या मुलीवर, एकतर्फी प्रेमापायी भ्रमिष्ट झालेल्या आदेलवर सिनेमा केला होता. प्रेम त्याला दुखण्यासारखंच दिसतं.

आल्प्सवाला: मी ग्रनोबलला शिकायला होतो. बर्नार छोट्या जहाजांवर कप्तानांना शिकवतो ना, ते लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही! पोर्ट रेव्हेल नावाचं केंद्र खरंच आहे. जंगलातलं तळं आणि त्यात 1:25 प्रमाणातली तेलवाहू जहाजं. आत बसलेला माणूस कमरेपासून वर दिसतो. सिनेमात अवाढव्य जहाज वळवायला शिकवणारा माणूस स्वतःच्या घरात काय करतो, हे बघून हसू येतं.

स्वातीचा थेंब: मी अर्ध्यात बंद केला. बागेतल्या पार्टीत तो तिला सगळ्यांसमोर मारतो, तिथे. 2025 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने दपार्द्यूला लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात दोषी ठरवलं (त्याने अपील केलंय). ते माहीत असताना 'उत्कट प्रेमी' वगैरे माझ्याच्याने बघवत नाही. तुम्ही बघा खुशाल.

दादरची मावशी: मला भावल्या मादाम जूव्ह. टेनिस क्लब चालवणाऱ्या, पायाने अधू. तरुणपणी प्रेमापायी खिडकीतून उडी घेतलेली. तो माणूस वीस वर्षांनी भेटायला येतोय कळल्यावर बाई सरळ पॅरिसला निघून जातात. मला असं निघून जाता आलं नाही बाई. आमचे 'ते' भाचीच्या लग्नात समोरच उभे! ह्यांच्याशी ओळख करून दिली, तर दोघं जेवण होईपर्यंत गुडघेदुखी आणि आयुर्वेदिक तेलं यांवरच बोलत बसले. मी मठ्ठा पिऊन मोकळी झाले.

रेडिओवेडा: मातिल्द इस्पितळात फक्त गाणी ऐकते. म्हणते, गाणी जितकी खुळचट तितकी खरी. माझं मोडलं तेव्हा घरात आईचा रेडिओ अखंड चालू असायचा. 'आपली आवड'मध्ये प्रत्येक गाणं माझ्याच नावाने लागलंय असं वाटायचं. आधी ज्यांची टर उडवायचो, तीच गाणी.

धागाकर्ती: मावशी, _/\_! आणि त्या पिस्तुलाबद्दल कुणीच का बोलत नाहीये? शेवटी मातिल्द बर्नारला गोळी घालते, मग स्वतःला. माझी सगळी सहानुभूती आर्लेतला, बर्नारच्या बायकोला. पोटात बाळ आणि नवरा असा. तिच्या बाजूने सिनेमा कुणीतरी काढायला हवा होता.

मागची रांग: काढला असता तर तुम्ही पाहिला असता का?