अनुभव धागा: मुलींची मॉडर्न पेंटॅथलॉन स्पर्धा तुम्ही पाहिलीत का?

पहिलं युवा ऑलिंपिक ऑगस्ट २०१०मध्ये सिंगापूरला झालं. आम्ही तेव्हा तिथेच राहत होतो. लेकीच्या शाळेतून तिकिटं मिळाली ती नेमकी मुलींच्या मॉडर्न पेंटॅथलॉनची. तेव्हा या खेळात तलवारबाजी, पोहणं, घोडेस्वारी, नेमबाजी आणि धावणं, पाचही एकाच खेळाडूनं करायचं, एवढं आदल्या रात्री वाचून घेतलं. युवा ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारी नव्हती, म्हणजे उरले चार.

वूडलँड्सच्या स्पोर्ट्स स्कूलमध्ये स्पर्धा होती. चोवीस मुली, त्यामुळे तलवारबाजीत प्रत्येकीच्या तेवीस लढती. मग २०० मीटर पोहणं. तोवर मी नुसती बघत होते, खरी गुंतले ती शेवटच्या टप्प्यात. आधीच्या गुणांचा फरक इथे सेकंदांत बदलतात. सगळ्यात पुढे असलेली मुलगी आधी सुटते आणि बाकीच्या आपापल्या फरकानं तिच्यामागून. त्यामुळे गुणांचं गणित डोक्यात ठेवावं लागत नाही, जी आधी पोहोचेल ती जिंकली. त्या वर्षी एकूण ३००० मीटर धावायचं होतं आणि मध्ये तीनदा थांबून दहा मीटरवरची लक्ष्यं लेझर पिस्तुलानं टिपायची. पाच अचूक लागल्याशिवाय, किंवा ठरलेली वेळ संपल्याशिवाय, पुढे पळता येत नाही.

आमच्या समोरच्याच जागेवर एक मुलगी धापा टाकत आली. घामानं केस कपाळाला चिकटलेले. पहिले दोन नेम चुकले. शेजारची आपले पाच लावून निघूनही गेली. हिनं पिस्तूल खाली टेकवलं, तळवा चड्डीला पुसला, डोळे मिटून दोन लांब श्वास घेतले. घाई करायचे सेकंद तिनं थांबण्यात घालवले! मग हात उचलला आणि नेम बसेल तसे लक्ष्यावरचे दिवे एकामागून एक लागत गेले. माझी दहा वर्षांची लेक माझा दंड घट्ट धरून बसली होती. सुवर्ण क्यूबाच्या लेदी मोयानं जिंकलं. पण परतताना गाडीत लेकीनं विचारलं ते त्या दुसऱ्या मुलीबद्दल, "आई, तिनं हात खाली का घेतला गं?" पुढे दहावीच्या पेपरांच्या दिवसांत ती तसाच तळवा पुसून दोन श्वास घ्यायची.

तुम्ही असं काही पाहिलं असेल, खेळला असाल, मुलांना घेऊन गेला असाल, तर लिहा. छोटं असलं तरी चालेल.

आलेले प्रतिसाद

छत्रपती संभाजीनगरहून, एक जुनी तलवारबाज

ताई, तेवीस लढती वाचूनच माझं मनगट दुखलं. आम्ही एपी, म्हणजे तलवारबाजीचा एक प्रकार, खेळायचो तेव्हा बाद फेरीत पंधरा गुणांची लढत असायची. एखादा फटका खाल्ला तरी सावरायला जागा होती. पेंटॅथलॉनमध्ये एकच स्पर्श, मिनिटभरात. अंगाला कुठेही टोक लागलं की खेळ संपला. आणि मिनिटात कुणीच स्पर्श केला नाही तर दोघींचाही पराभव धरतात, त्यामुळे नुसतं मागे सरकत राहून भागत नाही. हरल्यावर रडायला वेळ नसतो, लगेच पुढची समोर उभी. सतरा वर्षांच्या पोरीनं हे दिवसभर करायचं म्हणजे मन किती घट्ट हवं!

नाशिकहून

२०१८चं ब्युनॉस आयर्सचं युवा ऑलिंपिक मी रात्री जागून मोबाइलवर पाहिलं. तिथे दुपार असते तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. मुलींमध्ये इजिप्तची सल्मा अब्देलमकसूद जिंकली, मुलांमध्येही इजिप्तचाच अहमद एलगेंदी. तोच पुढे २०२४ला पॅरिसमध्ये १५५५ गुणांचा विश्वविक्रम करून ऑलिंपिक विजेता झाला. म्हणून म्हणतो, युवा स्पर्धा आवर्जून बघाव्यात.

कोल्हापूरहून, घोड्यांत रमणारी

मला टोकियो ऑलिंपिकमधली महिलांची स्पर्धा विसरता येत नाही. जर्मनीची अनिका श्लॉय आघाडीवर होती. या खेळात तेव्हा घोडा स्वतःचा नसायचा, चिठ्ठीनं मिळायचा, आणि ओळख करून घ्यायला वीस मिनिटं. तिला मिळालेला घोडा, सेंट बॉय, उडी मारायला तयारच होईना. ती रडत होती, तोही घाबरलेला. दोघांचंही वाईट वाटलं. पॅरिसनंतर घोडेस्वारी गेली आणि तिच्या जागी खेळाडूनं स्वतः पार करायची अडथळ्यांची शर्यत आली. मला स्वतःला घोडे आवडतात, तरी हा निर्णय योग्यच वाटतो.

आणि एक सांगायचं होतं. हा खेळ ऑलिंपिकमध्ये १९१२पासून आहे, पण बायकांना प्रवेश मिळाला थेट २०००मध्ये, सिडनीला. अठ्ठ्याऐंशी वर्षं!

पुण्याहून, एका खेळाडूची आई

माझी तेरा वर्षांची मुलगी बायथल करते, म्हणजे धावणं, पोहणं, परत धावणं. पेंटॅथलॉनच्याच घरातला खेळ. गेल्या वर्षी एका स्पर्धेत पाण्यातून तिसरी बाहेर आली, पण ओल्या पायात बूट जाईना. टाच दुमडली, नाडी गुंतली, सहा मुली पुढे गेल्या. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच बुटांच्या नाड्या काढून इलॅस्टिक ओवलं. आता रोज संध्याकाळी बाल्कनीत बादलीत पाय बुडवून बूट चढवायचा सराव चालतो. शेजारच्या आजी घड्याळ घेऊन वेळ मोजतात. काल अकरा सेकंद लागले.