दुकानाचं नाव एक, पॅनवर नाव दुसरं. सरकारी टेंडर कुठल्या नावाने भरायचं?

पेडण्याचा वायरमन:
नमस्कार मंडळी, मी इलेक्ट्रिकल आणि पंप दुरुस्तीची कामं घेतो. बाबांनी गुडघ्यांमुळे काम सोडलं तेव्हा त्यांचा जीएसटी बंद करून मी माझ्या नावावर नवीन काढला पण ट्रेड नेम तेच ठेवलं, गावच्या देवीच्या नावाचं, २० वर्षं लोक त्याच नावाने ओळखतात ते कसं सोडणार. आता एका सरकारी शाळेच्या वायरिंगचं टेंडर भरलं तर टेक्निकललाच, म्हणजे कागदपत्रांच्या तपासणीतच, बाद. डीडी दुकानाच्या नावाने, पॅन माझ्या नावाने, उद्यममध्ये (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) पण फक्त माझंच नाव, आणि अनुभवाचे दाखले बाबांच्या काळातले. मग ट्रेड नेम चालतच नाय काय? प्रायव्हेट लिमिटेड करून टाकू?

फोंड्याचा ठेकेदार:
चालतं रे बाबा, अर्धे ठेकेदार असेच काम करतात. एक समजून घे, प्रोप्रायटरशिप म्हणजे कायद्याने वेगळं कोणी नाय, तूच. त्यामुळे टेंडर भरणारा तू, दुकानाचं नाव फक्त पाटी. प्रत्येक कागदावर एकच ओळ ठेव, "अमुक अमुक, प्रोप्रायटर, मेसर्स अमुक", बिडवर तीच, डीडीवर तीच, लेटरहेडवर तीच. जीएसटीच्या सर्टिफिकेटवर लीगल नेम आणि ट्रेड नेम दोन्ही छापलेली असतात, दोन नावं जोडणारा तोच कागद, तो दरवेळी जोड. उद्यममध्ये एंटरप्रायझच्या नावाच्या जागी दुकानाचं नाव घाल, पोर्टलवर फुकट बदलता येतं, कोणाला पैसे देऊ नको.

आणि उद्यम आहे म्हणून ईएमडी, म्हणजे टेंडरची अनामत रक्कम, माफ असं धरून चालू नको हां. ती सवलत केंद्राच्या खरेदीची, तीही माल आणि सेवांना. वायरिंगचं काम वर्क्समध्ये, म्हणजे बांधकामाच्या कामांत, गेलं की टेंडरात काय लिहिलंय तेच खरं.

मडगावची अकाउंटंट:
दादा, नावाचा घोळ एका दिवसात सुटेल, खरी अडचण अनुभवाची आहे. बाबांनी केलेली कामं बाबांच्या पॅनवर आहेत. तुम्ही तीच पाटी लावली म्हणून ती तुमच्या खात्यात येत नाहीत, माझ्याकडे असे दोन-तीन जण आले आणि प्रत्येकाला हे सांगताना मला वाईट वाटतं. बाबा तयार असतील तर त्यांना घेऊन भागीदारी करता येईल पण फर्मचा पॅन नवा, जीएसटी नवा, आणि भागीदाराचा जुना अनुभव धरतील की नाही ते त्या-त्या टेंडरच्या अटींवर. आधी प्री-बिडमध्ये, म्हणजे टेंडर भरण्याआधीच्या शंकांच्या बैठकीत, लेखी विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका. भागीदारी केलीत तर फर्म रजिस्टर कराच, नाहीतर १९३२ च्या कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे उद्या बिलासाठी दावा लावता येणार नाही. प्रायव्हेट लिमिटेड म्हणजे तर अगदीच नवी व्यक्ती, अनुभव शून्यापासून.

अजून एक, आपल्या गोव्यातलं. लग्न झालेलं असेल आणि कम्युनियन, म्हणजे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरायची पद्धत, लागू असेल तर धंद्याचं उत्पन्न नवरा-बायकोच्या रिटर्नमध्ये अर्धं-अर्धं दाखवतात. त्यावरून काही लोकांना वाटतं की बायकोच्या नावानेही तेच बिड भरता येईल. तसं होत नाही, कर वाटला जातो, ठेका नाही.

डिचोली, रस्त्याची कामं:
माझं एका सरकारी खात्यात चार महिने बिल अडकलं होतं, करारावर फक्त दुकानाचं नाव आणि बँक खातं माझ्या नावाने. म्हणून दुकानाच्या नावाने करंट अकाउंट आधी उघड. अडीच लाखांवरच्या करारात सरकारी खातं जीएसटीचा २ टक्के टीडीएस तुझ्या जीएसटी नंबरवर कापतं आणि इन्कम टॅक्सचा पॅनवर, नंबर चुकला तर तो पैसा शोधत फिरावं लागतं. आणि कोर्टात जायची वेळ आली तर दावा स्वतःच्या नावाने लाव, प्रोप्रायटर म्हणून. तुझ्यावर दावा दुकानाच्या नावाने येऊ शकतो, तू मात्र नुसत्या दुकानाच्या नावाने लावू शकत नाय.

पेडण्याचा वायरमन:
खूप आभार सगळ्यांचे. उद्यम आजच बदलतो, बँकेत सोमवारी जातो. बाबांना भागीदारीचं विचारलं तर म्हणाले सही करतो पण शिडीवर चढणार नाय. तोवर माझ्या स्वतःच्या नावावर तीन वर्षांची जी छोटी कामं झालीत त्यांचे दाखले गोळा करतो, निदान लहान टेंडरं तरी भरता येतील.

मडगावची अकाउंटंट:
दाखला घेतानाच त्यावर तुमचं नाव आणि दुकानाचं नाव दोन्ही लिहून घ्या. ऑफिसर बदलला की दुरुस्ती करून मिळायला फार वेळ जातो.