मदत हवी आहे: शार्कच्या जीवाश्म दातांवर पॅरालॉइडचा (भुसभुशीत जीवाश्म घट्ट करणाऱ्या ॲक्रिलिक रेझिनचा) थर पांढरा पडतोय

शार्कचे सहा जीवाश्म दात आहेत, 2 ते 3 सेंमीचे. ठाणे खाडीतले नाहीत, आधीच सांगतो. आपल्याकडे सगळा बेसॉल्ट, त्यात समुद्री थर कुठले! हे ओडिशात बारीपाड्याजवळ बुढाबळंग नदीकाठच्या मायोसीन (सुमारे 2.3 कोटी ते 53 लाख वर्षांपूर्वीच्या) थरातले. एनॅमल ठणठणीत, कडेचे करवतीसारखे दाते अजून बोटाला लागतात. मूळ मात्र भुसभुशीत. दात उचलला की कागदावर तपकिरी भुकटी सांडते.

साध्या पाण्यात मऊ ब्रशने धुऊन आठवडाभर सावलीत वाळवले. व्हिनेगर लावलेलं नाही, त्याने चुन्याबरोबर दाताचं फॉस्फेटही खाल्लं जातं. फेव्हिकॉल सुचवू नका, नंतर नीट निघत नाही.

पॅरालॉइड बी-72 ॲसिटोनमध्ये 5 टक्के (100 मिलीला 5 ग्रॅम) करून बुडबुडे थांबेपर्यंत दोन दात बुडवले. मुळं घट्ट झाली, पण वर दुधी थर आला. कारण कळतंय: ॲसिटोन भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि पावसाळी हवेतलं बाष्प त्यावर बसतं. हेअर ड्रायर वापरत नाही, हे रेझिन 40 अंशांच्या आसपास मऊ पडतं. घर ठाण्यात, खाडीलगत, एसी नाही. टोल्युइन (ॲसिटोनपेक्षा सावकाश उडणारं, पण विषारी द्रावक) घरात नको, लहान मूल आहे.

उरलेले चार दात दिवाळीपर्यंत थांबवले तर मुळं राहतील असं वाटत नाही. झाकणबंद डब्यात सिलिका जेल ठेवून ॲसिटोन सावकाश उडू दिलं, तर थर पारदर्शक राहतो का? आणि पांढरे पडलेले दोन दात नुसत्या ॲसिटोनचा ब्रश फिरवून सुधारतील, की पुन्हा बुडवावे लागतील?