नववीच्या केमिस्ट्रीच्या लिंका: हिंदी व्हिडिओ ठेवायचे की काढायचे?

प्रेषक: आक्का (शनिवारचा मराठी अभ्यासवर्ग, कॅल्गरी, कॅनडा)
बुधवार, रात्री ९.४०

मंडळी नमस्कार,

शनिवारी नववीची अकरा मुलं येणार आहेत. बहुतेकांची युनिट बीची, म्हणजे ‘मॅटर अँड केमिकल चेंज’ची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. काल आपली लिंकांची ऑनलाइन शीट उघडली तर चौदापैकी पाच लिंका बंद. फेट या विज्ञानाच्या सिम्युलेशनच्या (पडद्यावर करून बघायच्या प्रयोगांच्या) संकेतस्थळाच्या दोन लिंका जावा हे सॉफ्टवेअर मागतात आणि मुलांच्या क्रोमबुकवर जावा चालत नाही. तीन फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरवरच्या होत्या, त्या २०२० संपताना फ्लॅशबरोबरच गेल्या. शीटमध्ये बदल करायचे हक्क कुणाकडे आहेत? मला आजच हवेत.

दुसरं म्हणजे शीटमधले तिन्ही हिंदी व्हिडिओ काढावेत असं माझं मत आहे. गेल्या शनिवारी एका मुलीने पाण्याचं चित्र काढलं. ऑक्सिजनचा मोठा गोल, त्याला हायड्रोजनचे दोन कान, अगदी नीट. खाली लिहिलं ‘अणू’. मग खोडून ‘रेणू’ केलं, पुन्हा खोडून ‘अणू’. खोडरबराने कागदाला भोक पडलं तेव्हा मी तिच्याजवळ गेले. घरी आजी सांगते अणू म्हणजे ॲटम, आपल्या शीटमधला व्हिडिओ सांगतो अणु म्हणजे मॉलिक्यूल. दोघंही आपापल्या भाषेत बरोबर आहेत. पण या पोरीने काय करायचं? तिचे डोळे भरून आले होते.

आक्का

---

प्रेषक: बापू (ग्रंथालय)
बुधवार, रात्री १०.१५

आक्का,

ही शीट ग्रंथालय समितीची आहे, अभ्यासवर्गाची नाही. आम्ही चौघांनी बसून ती बनवली आणि हक्क माझ्याकडे आहेत. कृपा करून वेगळी शीट काढू नका. मागे पाककृतींच्या दोन शीट झाल्या आणि अजून कुणाला कुठली खरी ते कळत नाही.

बंद लिंका मी दुरुस्त करतो. फेटची आता ब्राउझरमध्ये थेट चालणारी आवृत्ती आहे, क्रोमबुकवरही चालते. बऱ्याच सिम्युलेशनना मराठीही निवडता येते. ‘स्टेट्स ऑफ मॅटर’, ‘बिल्ड ॲन ॲटम’ आणि ‘बॅलन्सिंग केमिकल इक्वेशन्स’ या तीन टाकतो. समीकरणांच्या सिम्युलेशनमध्ये तराजू आहे. अमोनिया बनवताना नायट्रोजन एक आणि हायड्रोजन तीन घेतल्याशिवाय दोन्ही पारडी समपातळीत येत नाहीत. माझ्या मुलाला हे वहीवर महिनाभर जमलं नव्हतं, तिथे वीस मिनिटांत जमलं.

हिंदी व्हिडिओ मात्र काढू नयेत. आपल्यात इंदूरची आणि ग्वाल्हेरची मराठी घरं आहेत. त्यांचं सगळं शिक्षण हिंदीत झालंय. त्यांनी मुलांचा अभ्यास कशावरून घ्यायचा?

बापू

---

प्रेषक: दादा (नॉर्थवेस्ट)
बुधवार, रात्री ११.०२

बापू, ‘स्टेट्स ऑफ मॅटर’मध्ये खोक्याखाली तापवायची-गार करायची बादली आहे, ती मुलांना स्वतः हलवू द्या. आपण हलवून दाखवलं की सगळं फुकट जातं.

याच विषयावर एक आठवण. आमच्या थोरलीने घरी पाणी उकळून थर्मामीटर लावला, ९६ अंश आले. तिने शाळेत उत्कलनबिंदू ९६ लिहिला आणि गुण गेले. मी तिला घेऊन बसलो. कॅल्गरी समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे, इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी शंभराच्या आधीच उकळतं. तिचं मोजमाप अचूक होतं, फक्त दाब लिहायचा राहिला होता. इथे डाळ कुकरशिवाय शिजायला जास्त वेळ लागतो तो त्यामुळेच, हे तिला त्या दिवशी पटलं. शनिवारी हे मुलांना नक्की सांगा. आपल्या गावाचा आकडा आहे तो.

---

प्रेषक: वहिनी (इंदूर, आता साउथईस्ट)
गुरुवार, सकाळी ७.३०

आक्का, तुमच्या विद्यार्थिनीचं वाईट वाटलं. पण व्हिडिओ काढायचे म्हटल्यावर मला राहवलं नाही.

आमच्याकडे घरात मराठी आणि शाळेत हिंदी. मी ‘परमाणु’ म्हणजे ॲटम आणि ‘अणु’ म्हणजे मॉलिक्यूल हेच शिकले. लग्नानंतर पुण्याच्या नणंदेच्या मुलाला शिकवायला बसले तर तो म्हणाला, मामी, तुम्ही उलटं सांगताय. मी रात्रभर झोपले नव्हते. हिंदी व्हिडिओ नसतील तर मुलाचा अभ्यास मला घेताच येणार नाही. चुकीचं त्यात काहीच नाही, फक्त वर एक ओळ हवी.

आणि ‘क्षार’चं काय करायचं तेही ठरवा. मुलगा म्हणतो साबणाच्या पाण्यात क्षार असतो, बाबा म्हणतात किटलीत क्षार साचलाय. त्याला वाटतं किटलीत साबण आहे.

---

प्रेषक: आजी (लेकीच्या मेलवरून)
गुरुवार, सकाळी ९.१०

सर्वांस नमस्कार. सांगलीच्या शाळेत मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. सध्या लेकीकडे आहे. आक्कांनी लिहिलेली मुलगी माझीच नात. मी तिला चुकीचं सांगितलं असं घरात झालं, म्हणून लिहिते आहे.

मराठीत अणू म्हणजे ॲटम, रेणू म्हणजे मॉलिक्यूल. म्हणून आपण अणुऊर्जा म्हणतो, हिंदीत परमाणु ऊर्जा. भाभा अणुसंशोधन केंद्राचं हिंदी नावही ‘परमाणु अनुसंधान केंद्र’ असं आहे. हे एकच उदाहरण द्या, मुलं पुन्हा गोंधळणार नाहीत.

क्षाराचंही तसंच. आपल्याकडे क्षार म्हणजे सॉल्ट आणि बेसला आम्लारी. हिंदीत सॉल्टला लवण म्हणतात आणि क्षार बेसच्या बाजूला जातो. वहिनी, तुमच्या यजमानांचं मराठी बरोबर आहे. किटलीतला पांढरा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो क्षारच. त्यावर चमचाभर व्हिनेगर टाका. बुडबुडे येतील, तो कार्बन डायऑक्साइड, आणि थर निघून जाईल. इथलं पाणी कठीण, म्हणजे क्षार जास्त असलेलं आहे, त्यामुळे हा प्रयोग प्रत्येक घरी तयारच आहे.

माझ्या वर्गात आणखी एक चूक कायम व्हायची. द्रव म्हणजे लिक्विड आणि द्रव्य म्हणजे मॅटर. एका ‘य’चा फरक, पण अर्थ पार बदलतो. ‘पदार्थ’ म्हटलं की मुलांना खाण्याचं आठवतं, म्हणून मी मॅटरसाठी द्रव्यच म्हणायची.

बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. आठवीच्या विज्ञानात ‘रासायनिक बदल व रासायनिक बंध’ हा पाठ आहे. तो आणि त्याचंच इंग्रजी पुस्तक शेजारी-शेजारी ठेवून वाचा. नातीबरोबर मी कालपासून तेच करते आहे.

---

प्रेषक: नाना (हॉल समिती)
गुरुवार, दुपारी १२.२०

आजी, नमस्कार. बाकी चालू द्या, मला एकच सांगायचंय. शनिवारी कापूर आणू नका. संप्लवन, म्हणजे घनाचा द्रव न होता थेट वायू होणं, दाखवायला कापूर असं गेल्या वर्षी कुणीतरी सुचवलं, मग कुणीतरी तो पेटवला, अलार्म वाजला आणि सगळी मंडळी उणे अठरा अंशांत पार्किंगमध्ये उभी राहिली. त्यात दोन तान्ही बाळं होती. हॉलवाल्यांनी लेखी ताकीद दिली आहे.

संप्लवन दाखवायचंच असेल तर चिनूक हा इथला उबदार कोरडा वारा वाहिल्यावर अंगणात बघा. बराचसा बर्फ पाणी न होताच उडून जातो. ओला टॉवेल थंडीत बाहेर टाका. आधी फळीसारखा कडक होतो, मग तसाच वाळतो.

---

प्रेषक: दादा (नॉर्थवेस्ट)
गुरुवार, दुपारी १.०५

नाना, बरोबर. सोडा-व्हिनेगरला तुमची हरकत नसावी.

पण आक्का, मागच्या वेळी झिपच्या पिशवीत केलंत आणि वजन अर्धा-पाऊण ग्रॅम कमी भरलं, मुलं म्हणाली वस्तुमान घटलं. घटलं नव्हतं. पिशवी फुगली की ती जास्त हवा बाजूला सारते आणि तेवढी हवा तिला वर उचलते. पिशवीऐवजी कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली घ्या, तिचा आकार बदलत नाही. अर्धाच चमचा खायचा सोडा टिशूत गुंडाळून आत टाका, झाकण पटकन लावा. जास्त सोडा घालू नका. माझ्याकडे कॉफीचा ०.१ ग्रॅमचा काटा आहे, तो आणतो. आधी वजन करा, नंतर करा, सारखंच येईल. मग झाकण सैल करा. फुस्स आवाज येईल आणि सुमारे एक ग्रॅम कमी होईल. तो ग्रॅम गेला कुठे, हे मुलांनाच विचारा.

---

प्रेषक: वहिनी
गुरुवार, संध्याकाळी ६.४५

आजी, किटलीवर व्हिनेगर टाकलं. मुलाने बुडबुड्यांकडे बघून स्वतःच म्हटलं, ‘हे केमिकल चेंज, कारण नवीन गॅस झाला.’ मग विचारलं, पाणी उकळतानाही बुडबुडे येतात, तो का नाही? मी सांगितलं, ती वाफ, म्हणजे पाण्याचेच रेणू. बोलताना मी ‘रेणू’ म्हटलं, आपोआप आलं.

---

प्रेषक: आक्का
गुरुवार, रात्री ८.५०

आजी, नातीला माझा निरोप द्या: तिचं चित्र बरोबर होतं आणि तो रेणूच होता. तुम्ही शनिवारी याल का? वर्गात हे तुमच्या तोंडून यावं असं मला मनापासून वाटतं. न्यायला मी येईन.

हिंदी व्हिडिओ राहू देत, वहिनींचं पटलं. पण प्रत्येकाच्या शेजारी तीन रकाने हवेत: इंग्रजी, मराठी, हिंदी. ॲटम-अणू-परमाणु, मॉलिक्यूल-रेणू-अणु, बेस-आम्लारी-क्षारक, सॉल्ट-क्षार-लवण, मॅटर-द्रव्य-पदार्थ. नॉटिंगहॅम विद्यापीठाचे मूलद्रव्यांचे व्हिडिओही घालते. ११८ पैकी प्रत्येकाचा वेगळा आहे. प्रत्येक मुलाने एक निवडावं आणि येताना त्याबद्दल दोन वाक्यं मराठीत लिहून आणावीत.

दादा काटा आणतील. बाटल्या मी आणते, व्हिनेगर वहिनींकडून. कापूर कुणीही नाही.

बापू, शीट समितीचीच आहे हे मला मान्य आहे, पण रकाने आज रात्री भरायला हवेत. हक्क अजून आलेले नाहीत. मी साडेअकरापर्यंत जागी आहे.

आक्का