मदत हवी आहे: 2018 च्या रोझ बोलमध्ये 54 गुण कसे झाले?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला हंगामानंतरचा (बोल) सामना: जॉर्जिया विरुद्ध ओक्लाहोमा, 1 जानेवारी 2018, पॅसाडेना. रेकॉर्डिंग बघत कागदावर गुण मांडतोय. 45-45 पर्यंत हिशेब जुळतो, ओव्हरटाइममध्ये (बरोबरीनंतरच्या जादा फेऱ्यांत) गाडी अडते. टचडाउनचे (बॉल गोलरेषेपलीकडे नेण्याचे) 6 आणि त्यानंतरच्या वरच्या किकचा 1, मग 54 ऐवजी 55 का नाहीत? ओक्लाहोमाची अडवलेली किक 27 यार्डांची म्हणतात, पण स्नॅप (बॉल मागे देऊन खेळ सुरू करणं) तर गोलरेषेपासून 10 यार्डांच्या रेषेवरून झाला. पहिल्या फेरीत जॉर्जिया आधी खेळली, दुसरीत ओक्लाहोमा. हे ठरवतं कोण? आणि इतके जुने संघ, तरी ही पहिलीच गाठ कशी?

प्रतिसाद 1
आधी किक. गोलचे खांब गोलरेषेवर नसतात, एंड झोनच्या (गोलरेषेमागच्या 10 यार्डांच्या पट्ट्याच्या) मागच्या कडेला असतात. म्हणजे 10 यार्ड तिथेच वाढले. शिवाय बॉल स्नॅपपासून साधारण 7 यार्ड मागे टेकवून मारतात. थोडक्यात, रेषेच्या आकड्यात 17 मिळवा: 10 + 17 = 27. मध्यंतराआधी जॉर्जियाच्या ब्लँकेनशिपने मारलेली 55 ची किक ताडून बघा, स्नॅप 38 वरून दिसेल.

आता गुण. पहिल्या फेरीत दोघांची एकेक फील्ड गोल (खांबांमधून किक, 3 गुण), 48-48. दुसरीत ओक्लाहोमा आधी. त्यांच्या सायबर्टची किक जॉर्जियाच्या लॉरेन्झो कार्टरने हात लावून अडवली, शून्य. प्रत्येक फेरीत दोघांना प्रतिस्पर्ध्याच्या 25 यार्डांवरून एकेक संधी मिळायची. ओक्लाहोमाची संपली होती, त्यामुळे जॉर्जियाला काहीही गुण पुरले असते. पहिल्या डावपेचात 2 यार्ड मागे गेले, म्हणून सोनी मिशेलची विजयी धाव 25 ची नाही, 27 ची. टचडाउन झाल्या क्षणी सामना निकाली, वरची किक मारतच नाहीत. 48 + 6 = 54.

प्रतिसाद 2
क्रमाबद्दल: ओव्हरटाइमला एकदाच नाणेफेक. जिंकणारा बहुधा बचाव मागतो, कारण नंतर खेळणाऱ्याला किती गुण हवेत ते कळलेलं असतं (आपल्याकडे धावांचा पाठलाग, तसंच). दुसऱ्या फेरीत निवड हरलेल्याकडे जाते, तोही बचावच मागतो. झाला क्रम उलटा.

गाठ न पडण्याचं कारण वेळापत्रकात आहे. नियमित हंगाम 12 सामन्यांचा. जॉर्जिया एसईसी या कॉलेजांच्या गटात, तिथे तेव्हा 8 सामने घरच्याच गटात. ओक्लाहोमा तेव्हा बिग 12 या दुसऱ्या गटात, तिथे 9. उरलेल्या तीन-चार तारखांत जुनं वैर आणि दुबळे पाहुणे. रोझ बोलसुद्धा परंपरेने बिग टेन आणि पॅक-12 या वेगळ्याच गटांचा. त्या वर्षी तो प्लेऑफचा (राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीचा) उपांत्य सामना होता, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या मानांकनाचे हे दोघे तिथे आले.

धागाकर्ता
17 चं सूत्र दोन्हीकडे बसलं, आभार. हेच नियम धरून या वर्षीचे बोल सामने मांडले तर चालेल?

प्रतिसाद 1
नाही, तिथे फसाल. 2021 पासून दुसऱ्या फेरीत टचडाउननंतर किक बंद, 2 गुणांचा प्रयत्न (पळून किंवा पास देऊन बॉल पुन्हा गोलरेषेपलीकडे नेणं) सक्तीचा. तिसऱ्या फेरीपासून 25 ची रेषाही गेली: 3 यार्डांवरून एकेकच प्रयत्न, 2 किंवा शून्य. त्यामुळे तिसऱ्या फेरीच्या रकान्यात 3, 6 किंवा 7 दिसला तर कागद चुकलाय. मिशेलची धाव मात्र आजही 6 च धरा, निकाल लागल्यावर 2 चा प्रयत्नही होत नाही.