एकविशीच्या आत लीग नको? मग पोरांनी शिकायचं कुठे?

रोहन_वळण: काल 'फुलस्पीड'ने लिहिलं, की एकविशीच्या आतल्या पोरांना पोलंडच्या स्पीडवे लीगमध्ये (मातीच्या लंबगोल ट्रॅकवरच्या बिनब्रेकच्या मोटारसायकल शर्यती) उतरवणं म्हणजे बळी देणं. दाखला ऑस्ट्रेलियन रायडर डार्सी वॉर्डचा. वाचून डोकंच फिरलं. वॉर्ड २००९ आणि २०१०चा ज्युनिअर, म्हणजे एकविशीपर्यंतच्यांचा, विश्वविजेता. २०१५ मध्ये पोलंडमधल्या झेलोना गुराला शर्यतीत पडला आणि कायमचा व्हीलचेअरला खिळला, तेव्हा तो २३ वर्षांचा होता. तुमचा नियम असता तरी त्या दिवशी तो ट्रॅकवर असताच! उलट पोलंडचा झ्मार्झलिक बघा. २०१४ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, वाइल्ड कार्डवर, म्हणजे खास आमंत्रणावर येऊन पोलंडमधल्या गोझूफची ग्रां प्री, म्हणजे विश्वविजेतेपदाची एक फेरी, जिंकला. २०१९ला विश्वविजेता. पोलंडच्या लीगमध्ये संघात ज्युनिअर सक्तीचे, सामन्यातली दुसरी हीट (चौघांची छोटी शर्यत) फक्त त्यांची. ती बंद केलीत तर असे रायडर घडणार कुठे?

फुलस्पीड: वॉर्डपुरतं ठीक. पण पोलंडचाच रायडर क्रिस्तियान रेम्पावा? २०१६, रिब्निक, लीगचाच सामना, वय १८. गेला पोरगा. त्याच्या आईवडिलांना सांगाल हे?

तात्या_गॅरेजवाले: मुळात बिनब्रेकची गाडी पोराच्या हातात द्यायचीच कशाला? आधी ब्रेक बसवा, मग वयावर भांडा.

मीरा_पिट्स: ब्रेक बसवले तर जास्त पडतील, तात्या. चौघं चाकाला चाक लावून वळणात आडवे घसरत असतात. पुढच्याने दाबला ब्रेक, तर मागचा जाणार कुठे? वेग थ्रॉटलवरच सांभाळायचा.

तात्या_गॅरेजवाले: मला शिकवू नका. ऐनवेळी ब्रेक लागला नाही म्हणून माझं कॉलरबोन मोडलंय.

मीरा_पिट्स: रस्त्यावर ना? रस्त्यावर समोरून ट्रक येतो. इथे चौघंही एकाच दिशेला, सतत डावीकडे. शिवाय पडलात तर मनगटाला बांधलेली दोरी ओढली जाऊन इंजिन बंद होतं. उगाच कॉलरबोन पुढे करू नका.

तात्या_गॅरेजवाले: दोरीची सोय चांगली, एवढं देतो. ब्रेकचं पटलेलं नाही.

अनघा: ब्रेक राहू द्या, पैशाचं बोला. रायडरची कमाई बरीचशी गुणांवर: हीटमध्ये पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. इंजिन, मेकॅनिक, प्रवास बहुतेकांच्या स्वतःच्या खिशातून. जखमी झालात की कमाई थांबली, खर्च चालूच. माझा भाऊ मोटोक्रॉस करायचा. मनगटाचं प्लॅस्टर त्याने मुदतीआधी हॅक्सॉच्या पात्याने कापलं, कारण रेस चुकली असती तर स्पॉन्सर गेला असता. आज त्या हाताने त्याला बाटलीचं झाकण उघडत नाही. वयाची अट घातलीत, तर तो हेच बाविसाव्या वर्षी करेल.

फुलस्पीड: जखमी रायडरला क्लबने ठरावीक पगार द्यावा, हे मान्य करावंच लागेल. अठराव्या वर्षी लीग मात्र नकोच.

रोहन_वळण: पगाराचं कालच लिहिलं असतंत तर मी भांडलोच नसतो. करारातच घाला ते. दुसऱ्या हीटला मात्र हात लावू नका.