पहिले निवासी शिबिर निवडताना काय पाहावे?

निरभ्र:
माझी मुलगी ९ वर्षांची आहे. तिला या सुट्टीत प्रथमच पाच दिवसांच्या निवासी शिबिराला पाठवण्याचा आमचा विचार आहे. दोन माहितीपत्रके समोर आहेत. एका शिबिरात दिवसाला अकरा उपक्रम आहेत, तर दुसऱ्यात पोहणे, निसर्गभ्रमण आणि मातीकाम एवढेच असून दुपारचा वेळ मोकळा ठेवलेला आहे. ती आजवर एकही रात्र आमच्यावाचून राहिलेली नाही, याची मला अधिक काळजी वाटते. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

पाऊलवाट:
मी काही वर्षे शिबिरांमध्ये प्रशिक्षक म्हणून काम केले आहे. उपक्रमांची यादी बाजूला ठेवून मुलांसोबत कोण राहणार, हे आधी विचारावे, असे मला मनापासून वाटते. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या मानकांनुसार ९ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी निवासी शिबिरात दर ८ मुलांमागे, तर दिवसभराच्या शिबिरात दर १० मुलांमागे किमान एक कार्यकर्ता असावा लागतो. ही संख्या रात्री आणि सहलीच्या वेळीही पाळली जाते का, कार्यकर्त्यांची निवड व पडताळणी कशी होते, आणि कोणतेही मूल एकाच प्रौढ व्यक्तीसोबत एकांतात राहू नये असा नियम आहे का, हे स्पष्ट विचारा. उत्तर देताना आयोजक अवघडले किंवा चिडले, तर ते शिबिर सोडून द्यावे. पोहण्यासाठी प्रशिक्षित जीवरक्षक स्वतंत्र हवा. शिकवणाऱ्याकडेच ती जबाबदारी नको. दुपारचा मोकळा वेळ मला तरी त्रुटी वाटत नाही, कारण कडक उन्हाच्या वेळी मुलांनी सावलीत असणेच योग्य आणि मैत्रीही बहुधा त्याच वेळात जुळते.

सांजवात:
घरच्या आठवणीविषयी लिहिते. "करमले नाही तर लगेच न्यायला येऊ," असे वचन मी मुलाला दिले होते आणि ती माझी चूक ठरली, कारण पहिल्याच रात्री त्याने रमण्याऐवजी त्या वचनाचाच धोशा लावला. घरची आठवण येणे स्वाभाविक आहे, तसे वाटले तर कोणाला सांगायचे आणि काय करायचे, हे आधी बोलून ठेवावे. त्याआधी तिला नातेवाइकांकडे एक-दोन रात्री राहू द्या. शिबिराच्या निवडीतही तिला सहभागी करून घ्या.

कवडसा:
औषधे आणि ॲलर्जी यांची माहिती लेखी द्यावी. रात्री मूल आजारी पडल्यास निर्णय कोण घेते आणि जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, हेही विचारावे.

निरभ्र:
सर्वांचे आभार. दोन्ही आयोजकांना आज हे प्रश्न विचारले. तीन उपक्रमांच्या शिबिराने ७ मुलांमागे एक कार्यकर्ता असल्याचे कळवले आणि रात्रीच्या व्यवस्थेची माहिती न विचारता दिली. दुसऱ्याने पुन्हा माहितीपत्रकच पाठवले. मुलीला मातीकाम करायचे आहे. शनिवारी ती मावशीकडे मुक्कामाला जाणार आहे.